गैरसोयीने राखलेले वैभव

अंदमानास जाणारा मराठी पर्यटक सेल्युलर तुरुंगापुढे नतमस्तक होतो, स्वराजद्वीपावरील राधानगरचा किनारा पाहतो आणि परततो. मध्य अंदमानच्या पूर्वेस असलेल्या लाँग आयलंडकडे फारच थोड्यांची पावले वळतात. तेथील 'लालाजी बे' या किनाऱ्यावर मोटार जात नाही. होडीने जावे, नाही तर रानातील पायवाट तुडवावी. पांढरी वाळू, निळे पाणी आणि पाठीशी गर्द अरण्य, एवढेच तेथील वैभव.

हे वैभव गैरसोयीनेच राखले आहे, हे विसरून चालणार नाही. 'येथे काहीच नाही' ही पर्यटकाची आजची तक्रार उद्या 'विकासा'ची मागणी बनते. आधी रस्ता, मग हॉटेले, मग कचरा, हा क्रम गोमंतकीयांना कोणी शिकवावयास नको. कळंगुट-बागा पट्ट्यातील वाळूच्या टेकड्या आमच्या डोळ्यांदेखत सपाट झाल्या. मोरजी व गालजीबाग येथे अंडी घालावयास येणाऱ्या कासवांसाठी आज पहारा ठेवावा लागतो.

मात्र बेटावरील रहिवाशांनी गैरसोयीतच दिवस कंठावेत, असे आम्ही म्हणणार नाही. नियमित बोट, दवाखाना, पिण्याचे पाणी हा त्यांचा हक्कच होय. रहिवाशांची गरज आणि पाहुण्यांची चैन यांतील भेद सरकारने ओळखावा, एवढीच आमची अपेक्षा. पाहुण्यांनीही गावात उतरावे, गावचे अन्न गोड मानून घ्यावे आणि आपला कचरा आपल्याबरोबर परत न्यावा. एकदा गेलेला किनारा पुन्हा मिळत नाही; खात्री हवी असल्यास कळंगुटकरांस विचारावे.