ज्युलिएटनें मागितलेला एक आठवडा

इंग्रजी नाटककार शेक्सपिअर याच्या 'रोमिओ आणि ज्युलिएट' या शोकान्त नाटकाचें नांव ज्यानें ऐकलें नाहीं, असा वरच्या वर्गांतील विद्यार्थी विरळाच. कोणीं तें लँब भावंडांनीं १८०७ सालीं मुलांकरितां लिहिलेल्या गोष्टींच्या पुस्तकांत वाचलेलें असतें, कोणीं चित्रपटांत पाहिलेलें असतें. या प्रेमिकांचा नाश कशामुळें झाला असें विचारलें, कीं उत्तरही ठरलेलें असतें: दोन घराण्यांचें वैर, दैवाची अवकृपा आणि तरुणांचा उतावळेपणा. हीं तीन कारणें आम्ही स्वतः पुष्कळ वर्षें फळ्यावर लिहीत आलों आहों, आणि तिसऱ्या कारणाखालीं दुहेरी रेघ ओढीत आलों आहों. गेल्या वर्षीं दहावीच्या वर्गांतील एका मुलीनें उभें राहून विचारलें, "सर, मग ज्युलिएटनें हें कोणाला सांगावयास पाहिजे होतें?" आम्हीं चटकन उत्तर दिलें, "आईवडिलांना." ती निमूटपणें खालीं बसली. त्या रात्रीं आम्हीं मूळ नाटक पुन्हां उघडलें, तेव्हां आमचें उत्तर किती उथळ होतें हें आम्हांस कळून आलें. तेंच आज विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावेंसें वाटतें.

तरुणांचा उतावळेपणा खोटा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. रविवारीं सकाळीं रोमिओ रोझलिन नांवाच्या मुलीसाठीं उसासे टाकीत असतो. त्याच रात्रीं मेजवानींत ज्युलिएट दृष्टीस पडतांच तो रोझलिनला साफ विसरतो. आणि सोमवारीं दुपारीं त्याचें ज्युलिएटशीं गुप्तपणें लग्नही लागतें! 'उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग' ही आपली म्हण त्याला पुरेपूर लागू पडते. लग्न होऊन घटका-दोन घटका झाल्या नाहींत तोंच मित्राच्या वधाचा सूड म्हणून तो ज्युलिएटच्या मामेभावास ठार करतो व शहरांतून हद्दपार होतो. ज्युलिएट मात्र पहिल्याच रात्रीं सज्जांतून त्यास बजावते कीं, हें सारें फार एकाएकीं घडत आहे. सर्व नाटकांत घाईची भीति प्रथम वाटते ती या मुलीला, आणि तिला तर चौदावें वर्ष पुरें व्हावयास पंधरवड्याहून थोडा अधिक अवकाश असतो.

हें वय शेक्सपिअरनें मुद्दाम उतरविलेलें आहे. ज्या काव्यावरून त्यानें हें कथानक घेतलें, तें आर्थर ब्रूक या कवीनें १५६२ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतील नायिका सोळा वर्षांची असून कथा कित्येक महिने चालते. शेक्सपिअरनें तीच कथा अवघ्या चारपांच दिवसांत आणून बसविली. ब्रूकनें आपल्या प्रस्तावनेंत प्रेमिकांवर कडक ठपका ठेविला आहे: आईबाप व आप्तेष्ट यांचा सल्ला न मानणाऱ्यांची गत अशीच होते, हा त्याचा धडा. शेक्सपिअरनें हा धडा आपल्या नाटकांत घेतला नाहीं. नाटक लिहिलें गेलें तें १५९५ सालच्या सुमारास. त्या वेळीं त्याची स्वतःची वडील मुलगी सुसाना बारा वर्षांची होती. पोराबाळांचा धनी असलेल्या गृहस्थानें हें नाटक लिहिलें आहे, ही गोष्ट पालकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां वडील मंडळींकडे पाहूं. ज्युलिएटचा पिता कॅप्युलेट हा दुष्ट नाहीं. पॅरिस नांवाचा श्रीमंत तरुण तिला मागणी घालतो, तेव्हां आरंभीं तो म्हणतो कीं, मुलगी लहान आहे, दोन वर्षें थांबा, आणि तिची संमति आधीं मिळवा. मेजवानींत शत्रूचा मुलगा रोमिओ शिरला आहे असें कळतें, तेव्हां तो भांडण वाढूं देत नाहीं. उलट, हा मुलगा सद्वर्तनी आहे असें सारें गांव म्हणतें, असें बोलून दाखवितो. अशा बापापुढें सत्य येतें तर कदाचित् वाट निघाली असती! पण घरांत मृत्यु घडतो, मुलगी रडत बसते, आणि तिचें दुःख हलकें व्हावें म्हणून हाच पिता सोमवारीं रात्रीं पॅरिसला सांगून टाकतो कीं, गुरुवारीं लग्न. दोन वर्षांचे तीन दिवस झाले, आणि संमतीचें नांवही उरलें नाहीं. पुढें मुलगी वरकरणीं कबूल होतांच तो आनंदाच्या भरांत लग्न आणखी एक दिवस अलीकडे, बुधवारीं आणतो. धर्मोपदेशक लॉरेन्स रोमिओस सावकाश चालण्याचा उपदेश करतो खरा. पण दोन घराण्यांचा समेट होईल या आशेनें लग्न लावण्याची घाई त्यालाही सुटत नाहीं.

मंगळवारीं सकाळचा प्रवेश आम्हीं त्या रात्रीं दोनदां वाचला. ज्युलिएट बापापुढें गुडघे टेकून विनविते कीं, धीर धरून माझा एक शब्द ऐकून घ्या. बाप तिला तोंड उघडूं देत नाहीं. गुरुवारीं लग्नास उभी राहिली नाहींस तर घराबाहेर काढीन, म्हणतो. मग ती आईकडे वळते आणि मागते तें इतकेंच: हें लग्न एक महिना, नाहीं तर एक आठवडा तरी पुढें ढकला. आईही बोलणें तोडून निघून जाते. उरली लहानपणापासून सांभाळणारी दाई; ती सांगते, रोमिओला विसर आणि पॅरिसशीं लग्न कर. एका सकाळीं घरांतील तिन्ही दारें बंद झालीं. तेव्हां कोठें ती बेचाळीस तास मृतवत् निजविणाऱ्या औषधाची कुपी हातांत घेते. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचें उत्तर हें होतें. ज्युलिएट सांगावयास गेली होती. ऐकावयास कोणी नव्हतें.

आणि दैव? नाटकाच्या आरंभींच्या निवेदनांत या दोघांवर ग्रहांची अवकृपा असल्याचें सांगितलें आहे, हें खरें. पण त्याच चौदा ओळींत वडिलांच्या वैराचाही उल्लेख आहे. दैवाचा मोठा घाव म्हणून दाखवितात तो हा: ज्युलिएट मेलेली नसून निजलेली आहे, हें कळविणारें पत्र रोमिओस पोंचत नाहीं, कारण पत्र नेणारा साधु सांथीचा संशय असलेल्या घरांत अडकतो आणि अधिकारी त्या घरास टाळें ठोकतात. ज्या प्रेक्षकांनीं हें नाटक प्रथम पाहिलें, त्यांस यांत नवल वाटलें नसावें. प्लेगमुळें लंडनमधील नाटकगृहें १५९२ पासून १५९४ पर्यंत बहुतेक काळ बंद होतीं, आणि सांथ शिरलेलीं घरें बंद केलीं जात. सन २०२० मध्यें आपणही अशीं दारें पाहिलीं. अडथळा हा जगाचा नेहमींचा नियम आहे. हाताशीं वेळ असला तर तो निवारतां येतो. मागितलेला आठवडा मिळता, तर पत्र चुकलें तरी दुसरा जासूद धाडतां आला असता. आपण वेळ उरूं देत नाहीं, आणि मग कपाळाला दोष देतों.

विद्यार्थ्यांनों, यावरून तुम्ही निर्दोष ठरतां असें समजूं नका. आपलें लग्न झालें आहे ही मुख्य गोष्ट ज्युलिएटनें आईबापांस शेवटपर्यंत सांगितली नाहीं. रोमिओनें तर ज्युलिएट गेल्याची वार्ता ऐकतांच चौकशी न करतां विष विकत घेतलें. थडग्यापाशीं तो थोडा वेळ थांबता, तर ती त्याच्या डोळ्यांदेखत जागी झाली असती. प्रेम हा गुन्हा नव्हे. पण ज्या गोष्टीनंतर परत फिरतां येत नाहीं, ती दुःखाच्या पहिल्या झटक्यांत करणें हा घात आहे. असें कांहीं मनांत आलें तर ती रात्र जाऊं द्या, आणि एका तरी वडील माणसास सांगा. एकानें ऐकलें नाहीं तर दुसऱ्यास सांगा, तिसऱ्यास सांगा.

आणि ज्यांस सांगावयाचें, त्या आम्हां मंडळींचें काय? येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं शाळा सुटल्यावर एक मुलगा आमच्यापाशीं येऊन उभा राहिला. कांहीं सांगावयाचें आहे, म्हणाला. आम्ही उत्तरपत्रिका तपाशीत होतों. मान वर न करतां आम्हीं म्हटलें, "उद्यां ये." तो उद्यां आला नाहीं, परवांही आला नाहीं, आणि वर्ष संपण्याच्या आंत त्याचें नांव पटावरून गेलें. त्याला काय सांगावयाचें होतें तें आम्हांस आजवर कळलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्याला हांक मारून विचारणें आमच्या हातीं होतें; तेवढेंही आम्हीं केलें नाहीं.

नाटकाच्या शेवटीं दोन्ही पिते मुलांच्या प्रेतांपुढें हात मिळवितात आणि एकमेकांच्या मुलांचे सोन्याचे पुतळे उभारण्याचें वचन देतात. तें सोनें वाचतांना आम्हांस नेहमीं समेटाचा आनंद होत असे. आतां तो होत नाहीं. त्या मुलीनें सोनें मागितलें नव्हतें, तिनें एक आठवडा मागितला होता. पालकहो, आपलें मूल दाराशीं येऊन घुटमळूं लागलें, तर हातांतलें काम घटकाभर खालीं ठेवा आणि त्याचें बोलणें पुरें होऊं द्या. आम्हीही तसेंच करूं. फळ्यावरच्या त्या तीन कारणांखालीं यंदापासून आम्ही चौथें लिहिणार आहों: वडिलांनीं ऐकून घेतलें नाहीं.