विश्लेषण : ‘लोस सेर्रानो’ या स्पॅनिश मालिकेचा विनोद का आटला?

‘मनी हाइस्ट’मुळे आलेक्स पिना हे नाव जगभर पोहोचले. त्याआधी पिना आणि दानिएल एसिहा यांनी साकारलेली ‘लोस सेर्रानो’ ही विनोदी मालिका स्पेनमध्ये घराघरांत पोहोचली होती. तेलेसिंको वाहिनीवर २००३ ते २००८ या काळात तिचे आठ सीझन झाले. आज मात्र ती आठवते ती फसलेल्या शेवटासाठी.

मूळ कल्पना काय होती?

तीन मुलगे असलेला विधुर दिएगो आणि दोन मुली असलेली घटस्फोटित लुसिया. तरुणपणीचे हे प्रेमिक पुन्हा भेटतात, लग्न करतात आणि माद्रिदमध्ये एकाच छताखाली दोन संसार सुरू होतात. बाथरूमच्या रांगेपासून सावत्र भावंडांच्या प्रेमप्रकरणापर्यंत सगळा विनोद याच गर्दीतून यायचा. इटलीने याच कल्पनेवर ‘इ चेझारोनी’ ही मालिका काढली.

मग बिघडले कुठे?

लेखकांना विनोद सुचेनासा झाला, एवढेच कारण नव्हते. घरच रिकामे होत गेले. थोरला मुलगा मार्कोस साकारणारा फ्रान पेरेआ आणि एवाच्या भूमिकेतील वेरोनिका सांचेस यांनी मालिका सोडली. ‘मार आदेंत्रो’साठी गोया पुरस्कार मिळवणारी बेलेन रुएदा चित्रपटांकडे वळली. तिची लुसिया अपघातात मारली गेली. दोन कुटुंबांच्या मालिकेत आता एकच पालक उरला.

तरीही मालिका का चालली?

स्पेनमध्ये त्या काळी रात्रीच्या मुख्य वेळेतील अशा मालिकेचा एक भाग तासाहून मोठा असायचा. अमेरिकी सिटकॉम बावीस मिनिटांत आटोपते. इथे तेवढ्या वेळात जेमतेम सुरुवात व्हायची. उरलेली जागा भरायला नवी पात्रे, नवी प्रेमप्रकरणे आणि अश्रू आले. विनोदी मालिकेची हळूहळू रडकथा झाली. यशस्वी नाव बंद करणे वाहिनीला जड जाते, हेही खरेच.

शेवटाने संताप का झाला?

जुलै २००८ मधील अखेरच्या भागात खचलेला दिएगो पुलावरून उडी घेतो आणि जागा होतो तो लुसियाच्या शेजारी. मधले सगळे स्वप्न! अमेरिकेच्या ‘डलास’ने १९८६ मध्ये एक सीझन असाच पुसला होता. इथे जवळपास सारी मालिकाच पुसली गेली.

धडा काय?

स्वप्नाची युक्ती लुसियाला परत आणण्यासाठी होती. म्हणजे मालिकेचा प्राण कशात होता, हे कर्त्यांनीच त्यातून कबूल केले. पण किंमत प्रेक्षकांनी मोजली. कथा फसली तर प्रेक्षक माफ करतो. आपण पाच वर्षे ज्यांच्यासाठी हसलो-रडलो ते घडलेच नाही, हे ऐकून घेत नाही. लुसिया गेली त्याच वेळी मालिका थांबली असती, तर तिचा मृत्यू निदान खरा राहिला असता.