उद्यांचें नक्षत्र कोणतें?

मृग नक्षत्र लागण्याचा सुमार आला म्हणजे अड्याळच्या शिवारांत कोणास हांक मारून उठवावें लागत नाहीं. बांध्यांची डागडुजी, बियाण्याची जमवाजमव, पऱ्हे टाकण्याची घाई, आणि पुढें पऱ्हे तयार होतांच रोवणीसाठीं माणसें मिळविण्याची धडपड, हीं सर्व कामें एकामागून एक आपोआप होत जातात. पऱ्हे जून झाले म्हणजे त्यांस फुटवे कमी येतात आणि हातचा गेलेला आठवडा पैसे मोजूनही परत मिळत नाहीं, हें शेतकऱ्यास कोणी पुस्तकांतून शिकविलेलें नसतें. बाजारपेठेंतील आमच्या व्यापारी बंधूंचीही गोष्ट अशीच आहे. दुकान बंद करण्यापूर्वीं दिवसाची कीर्द लिहून रोकड जुळविलीच पाहिजे. "हिशेब उद्यां पाहूं" असें म्हणणारा फार दिवस गादीवर टिकत नाहीं, हें ते पुरतेपणीं जाणून असतात. अशा उद्योगी लोकांस आळशी म्हणण्याचें धाडस कोणी करणार नाहीं, आणि आम्हीही तें करीत नाहीं.

परंतु याच उद्योगी गृहस्थांस एकांतांत गांठून एक प्रश्न विचारावा. "आपण स्वतःसाठीं जें करावयाचें मनांत योजिलें होतें, त्याचें काय झालें?" कोणाची दहावीची परीक्षा राहून गेलेली असते. कोणास संगणकावर हिशेब ठेवण्यास शिकावयाचें असतें. कोणी खर्रा सोडण्याची शपथ दर गुढीपाडव्यास नव्यानें घेत असतो. कोणाच्या वडिलार्जित जमिनीचा फेरफार वडील जाऊन कित्येक वर्षें लोटलीं तरी व्हावयाचाच असतो. आणि उत्तर बहुधा एकच येतें: रोवणी उरकली कीं पाहूं, दिवाळी गेली कीं लागूं, मुलीचें लग्न झालें कीं हातीं घेऊं. रोवणी उरकते, दिवाळी जाते, लग्नही होतें. मनांतलें काम मात्र जागचें हालत नाहीं.

एकच मनुष्य धानाच्या बाबतींत इतका तत्पर आणि स्वतःच्या बाबतींत इतका दीर्घसूत्री कां असावा? आमच्या मतें याचें पहिलें कारण असें कीं, धानास नक्षत्र आहे, हिशेबास संध्याकाळ आहे, देण्यास तारीख आहे. परंतु आपल्या मनोरथास कोणतेंच नक्षत्र नाहीं. तें आज केलें नाहीं म्हणून पीक बुडत नाहीं, गिऱ्हाईक परत जात नाहीं, दारीं कोणी तगादा लावीत नाहीं. ज्या कामाची चौकशी करणारा कोणी नाहीं, तें काम रांगेंत नेहमीं शेवटीं उभें राहतें, आणि रांग तर कधींच संपत नाहीं.

दुसरें कारण अधिक खोल आहे, व तें कबूल करण्यास मनाचा धीटपणा लागतो. चाळिशींतील मनुष्य पुन्हां गणिताचें पुस्तक उघडतो तेव्हां आपणांस कांहींच येत नाहीं हें त्यास दिसून येतें. ती लाज नको म्हणून तो पुस्तक मिटतो, आणि मिटल्याबरोबर त्यास तात्काळ बरें वाटतें. फ्युशिया सिरोइस व टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनीं २०१३ सालीं हाच मुद्दा मांडला कीं, दिरंगाई ही मुख्यतः वेळेच्या हिशेबांतील चूक नसून, नकोशी भावना क्षणभर दूर सारण्याचा तो एक उपाय असतो. म्हणजे आज मिळालेल्या सुटकेची किंमत उद्यांच्या माणसानें भरावयाची! सावकारी कर्जाहून हा व्यवहार निराळा नाहीं. फरक इतकाच कीं, येथें ऋणको व सावकार दोन्ही आपणच.

अशा कर्जाचें व्याज कसें चढतें हें पाहण्यास आपणांस दूर जावयास नको. आपला भंडारा जिल्हा तलावांचा म्हणून प्रसिद्ध आहे. कोहळी समाजाच्या पूर्वजांनीं उतार पाहून पाळी घातल्या आणि पावसाचें पाणी अडवून धानास पुरविलें. हे तलाव बांधणें जितकें मोलाचें, तितकेंच ते दरसाल थोडे थोडे दुरुस्त ठेवणें मोलाचें होतें. १९५१ सालीं मालगुजारी गेली व हे तलाव सरकारजमा झाले. जुलमी हक्क गेले हें योग्यच झालें. परंतु पाळीवर कुदळ कोणी मारावी हें अनेक ठिकाणीं निश्चित उरलें नाहीं, आणि गाळ साचत गेला. गाळ एका वर्षांत दिसत नाहीं. दिसूं लागतो तेव्हां मात्र तो टोपल्यांनीं निघण्यासारखा राहत नाहीं. मनुष्याच्या टाकून ठेवलेल्या संकल्पांचेंही असेंच आहे.

आपल्याच पवनी तालुक्यांत वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ सालीं झाली, २००९ सालीं त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, आणि तरीही काम वर्षानुवर्षें लांबतच गेलें. या लांबणीबद्दल सरकारास धारेवर धरण्याचा लोकांस पूर्ण हक्क आहे व तो त्यांनीं अवश्य बजावावा. मात्र पानटपरीवर उभें राहून सरकारच्या दिरंगाईवर तासभर बोलणाऱ्या गृहस्थानें, तोच तास आपल्या राहिलेल्या कामाचा होता कीं काय, हेंही एकदां मनाशीं ताडून पाहावें.

"आम्हांस वेळच कोठें आहे?" असा आक्षेप येईल. यास उत्तर महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या चरित्रांत आहे. काणे हे मुंबई उच्च न्यायालयांत वकिली करणारे गृहस्थ. 'व्यवहारमयूख' या ग्रंथास जोडावयाची प्रस्तावना म्हणून त्यांनीं जें काम मनांत घेतलें, तें वाढत वाढत 'धर्मशास्त्राचा इतिहास' झालें. त्याचा पहिला खंड १९३० सालीं निघाला आणि अखेरचा भाग १९६२ सालीं. पृष्ठें सहा हजारांच्या वर. पुढील वर्षीं त्यांस भारतरत्न मिळालें तेव्हां त्यांनीं वयाचीं ऐंशी वर्षें ओलांडलीं होतीं. "आधीं मोकळा होतों आणि मग लिहितों" असें ते म्हणते तर कदाचित् ती प्रस्तावनाही झाली नसती.

"आतां वय झालें" असें म्हणणाऱ्यांनीं अण्णासाहेब कर्वे यांच्याकडे पाहावें. महिला विद्यापीठ त्यांनीं १९१६ सालीं स्थापिलें तेव्हां ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. आणि "घरचे काय म्हणतील?" या भीतीनें थांबलेल्या भगिनींनीं रमाबाई रानडे यांचें स्मरण करावें. १८७३ सालीं लग्न होऊन सासरीं आल्या तेव्हां त्यांस अक्षरओळख नव्हती. पतीनें शिकविण्यास आरंभ केला, तर घरांतील वडीलधाऱ्या बायकांचा रोष त्यांनीं वर्षानुवर्षें सोसला. त्याच रमाबाईंनीं पुढें १९०९ सालीं पुण्यांत सेवासदनाचें काम उभें केलें आणि १९१० सालीं आपल्या आठवणींचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

थोरांचीं उदाहरणें ऐकून मान डोलवावी आणि पुन्हां घोरावें, असा आपला परिपाठ आहे; म्हणून कांहीं व्यवहाराच्या सूचना करितों. पहिली अशी कीं, संकल्पास नक्षत्र द्यावें. "मी अभ्यास करीन" हा संकल्प नव्हे, ती इच्छा झाली. "रात्रीं दुकान बंद करून जेवण झालें कीं, ओसरीवर बसून एक धडा वाचीन" हा संकल्प. वेळ, जागा व कृति आधींच बांधून ठेवणाऱ्यांच्या हातून काम पार पडण्याचा संभव अधिक असतो, असें पीटर गोलविट्झर या शास्त्रज्ञानें १९९९ सालीं आपल्या व इतरांच्या प्रयोगांवरून दाखविलें आहे.

दुसरी सूचना, आरंभ हास्यास्पद वाटेल इतका लहान असावा. एक पान, दहा ओळी, एक अर्ज. तिसरी, रोजच्या कीर्दींत एक ओळ या कामाची ठेवावी: आज काय केलें. कांहीं केलें नसल्यास शून्य लिहावें, पण लिहावें. चौथी, एक दिवस चुकला म्हणून वही मिटूं नये. लंडन येथें फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत नवी संवय अंगवळणीं पडण्यास कोणास अठरा दिवस, तर कोणास अडीचशेंहून अधिक दिवस लागतील असें आढळलें. परंतु एखादा दिवस हुकल्यानें फारसें बिघडत नाहीं, असेंही दिसून आलें. ज्या दुकानदाराचा एक दिवस तोट्यांत गेला तो दुकानास कायमचें कुलूप लावीत नाहीं.

येथवर आम्ही प्रत्येकास त्याच्या दिरंगाईचा जाब विचारिला. न्यायाची गोष्ट म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दिवसभर चिखलांत वांकून रोवणी करून आलेली आणि मग चूल पेटविणारी बाई "उद्यां वाचीन" म्हणते, तेव्हां तिला आळशी ठरविणें हा निर्दयपणा आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत दुकानांत राबणारा नोकर शिकत नसेल, तर त्याचा उद्यांचा दिवस मालकानेंच अडवून ठेवलेला असतो. ज्यांच्या हातीं दुसऱ्याचा वेळ आहे, त्यांनीं त्यांतला थोडा मोकळा करून द्यावा. सतरा नंबरचा अर्ज मुदतींत भरून शाळा सुटलेल्यास दहावीस बाहेरून बसतां येतें. १९८९ सालीं स्थापन झालेलें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नोकरीधंदा सांभाळून शिकणाऱ्यांसाठींच आहे. वाट आहे, पण त्या वाटेनें जावयास रोजचा एक तास लागतो, आणि तो घरच्यांनीं व मालकांनीं दिल्यावांचून कित्येकांस मिळावयाचा नाहीं. सासूनें सुनेस आणि शेटजींनीं नोकरास हा तास दिला, तर तें एखाद्या देणगीहून कमी पुण्याचें होणार नाहीं.

वाचकहो, हा लेख आवडला म्हणून कापून ठेवूं नका. कारण कापून ठेवणें हाही उद्यांवर ढकलण्याचाच एक सभ्य प्रकार आहे. आज रात्रीं हिशेब लिहून झाला म्हणजे पान उलटण्यापूर्वीं त्याच्या खालीं आपल्या राहिलेल्या कामाचें नांव लिहा, त्यापुढें उद्यांची वेळ घाला, आणि त्यांतलें सर्वांत लहान काम दिवा मालविण्यापूर्वीं करून टाका. मृग कोणासाठीं थांबत नाहीं. आयुष्याचाही मृग असतो. तो पंचांगांत छापलेला नसतो, इतकेंच.