विष चित्रात दिसत नाही

निसर्गेतिहासाच्या जुन्या ग्रंथांतील सर्पचित्रांविषयी बोलणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एकाला त्यांत रेषेचे लाघव दिसते, दुसऱ्याला साम्राज्याची नजर. परस्परांशी भांडणाऱ्या या पंथांचे एका बाबतीत मात्र एकमत आहे: चित्राशेजारचा मजकूर वाचायचा नाही. आमचा आक्षेप या एकमताला आहे.

पॅट्रिक रसेल हा ईस्ट इंडिया कंपनीचा निसर्गवैज्ञानिक. कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांवरचा त्याचा सचित्र ग्रंथ १७९६ साली लंडनमध्ये निघाला. त्यात त्याने बहुतेक सापांना लॅटिन जातिनाम न देता स्थानिक, मुख्यतः तेलुगू नावे दिली. आपला घोणस तिथे ‘कटुक रेकुल पोडा’ आहे. चित्रासोबत खवल्यांची मोजदाद आहे, आणि कोंबड्या-कुत्र्यांना दंश करवून पाहिलेल्या प्रयोगांची हकिकतही. हे प्रयोग क्रूर होते, यात शंका नाही. पण ते लिहावे लागले, कारण विष चित्रात दिसत नाही. साप विषारी आहे हे ज्ञान रेषेत नव्हे, शब्दांत असते. शब्द कापून टाकले की उरते ती नक्षी.

पुढे १७९७ साली जॉर्ज शॉने घोणसाच्या जातिनामात रसेलचे नाव गुंफले आणि तेलुगू नाव बाजूला पडले. मण्यारीच्या कुळाच्या ‘बंगारस’ या लॅटिन नावात मात्र तेलुगूतील ‘बंगारु’, म्हणजे सोने, अजून जिवंत आहे. नजरेचा सिद्धान्त मांडणाऱ्यांनी ही नावांची उलथापालथ तरी तपासावी. जोसेफ फेररचा भारतातील विषारी सापांवरचा ग्रंथ १८७२ सालचा. त्यातील चित्रे कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेतील देशी चित्रकारांनी काढली. ‘नजर साहेबाची’ एवढे म्हणून मोकळे होणारा समीक्षक तो हात कोणाचा होता हे विचारत नाही. अशाने साम्राज्याने पुसलेले नाव समीक्षाही पुन्हा पुसते.

हा वाद ग्रंथालयापुरता असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. धाराशिव जिल्ह्यातील लोहाऱ्यासारख्या तालुक्यात सोयाबीन काढायला वाकलेल्या बाईला आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्या मजुराला सापाचे चित्र सौंदर्यासाठी नको असते. मण्यारीचे पांढरे पट्टे कोणत्याही तक्त्यावर दिसतात. पण ती रात्री हिंडते, निजलेल्याला डसते, दंशाची खूण कधी जेमतेम उमटते आणि वेदना फारशी होत नाही, हे पांढऱ्या कागदावरच्या वेटोळ्यातून कसे कळावे? पट्टे तर बिनविषारी कवड्यालाही असतात. कोऱ्या पार्श्वभूमीवरच्या चित्रातून वेळ आणि जागा वजा झालेली असते. ती भरून काढण्याचे काम मजकुराचे.

विज्ञानाचे काम विज्ञानाने करावे, साहित्याच्या वर्गात हे कशाला, असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर असे: चित्राखालचे नाव कोणी ठेवले, कोणत्या भाषेतून आणले आणि कोणती भाषा वगळली, हे प्रश्न साहित्याचे नाहीत तर कोणाचे? घोणसाला काही भागांत ‘परड’ म्हणतात. कर्नाटकाची सीमा फार दूर नसलेल्या लोहाऱ्याच्या वर्गात एकाच सापाला किती नावे निघतील, हे शिक्षकाने विचारून तरी पाहावे. दवाखान्यात घाबरलेला माणूस सापाचे नाव सांगेल ते घरातलेच सांगेल; ‘रसेल्स व्हायपर’ म्हणणार नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. यापुढे वर्गात किंवा लेखात असे चित्र दाखवाल तर त्याचा मजकूर सोबत द्या, आणि खाली आपल्या मुलखातले नावही लिहा. कंपनीच्या चाकराने १७९६ साली जेवढे केले, तेवढे तरी मराठीच्या अभ्यासकाला जमावे.