घरच्या मैदानाविना हंगाम

प्रो कबड्डीचा 12 वा हंगाम 31 ऑक्टोबर 2025 रोजी दिल्लीच्या त्यागराज स्टेडियमवर संपला. दबंग दिल्लीने पुणेरी पलटणचा 31-28 असा पराभव केला. साखळीतले 18 पैकी 13 सामने जिंकून पलटण गुणतक्त्यात पहिली आली होती. दिल्लीचेही गुण तेवढेच, 26. गुणफरकात तेवढे पुणे पुढे. अंतिम सामन्यात पलटणच्या आदित्य शिंदेने एकट्याने दहा गुणांची कमाई केली आणि अखेरच्या मिनिटांत अंतर तोडत आणले. शेवटी तो मध्यरेषा ओलांडून आत शिरला, तेव्हा समोर फझल अत्राचली होता. डाव्या कोपऱ्यावरच्या या इराणी बचावपटूने आयुष्य पकडी करण्यात घालवले आहे. ती पकड बसली आणि करंडक दिल्लीत राहिला.

तीन गुणांच्या पराभवाचे खापर एखाद्या चढाईवर फोडता येत नाही. मोजायची गोष्ट वेगळी आहे. साखळी, दोन क्वालिफायर आणि अंतिम सामना मिळून पलटण 21 वेळा मैदानात उतरली. त्यांतला एकही सामना पुण्यात झाला नाही. हंगामाची चार केंद्रे होती: विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली. म्हणजे पुणे विरुद्ध मुंबई हा सामनासुद्धा परराज्यात झाला. ज्या सामन्याला नाशिक, अहिल्यानगर, सातारा, रत्नागिरी इथून गाड्या भरून माणसे येतील, तो सामना महाराष्ट्राबाहेर खेळवला गेला. दिल्लीला मात्र हंगामाचा शेवट आपल्याच प्रेक्षकांपुढे करता आला. घरच्या मैदानाचा हा मुद्दा या स्तंभात आधीही आला आहे. या निकालाने तो अधिक ठसठशीत झाला.

आधीच्या दोन हंगामांत असे नव्हते. 2 डिसेंबर 2023 ला सुरू झालेला 10 वा हंगाम बाराही संघांच्या शहरांत फिरला. डिसेंबरच्या मध्याला बालेवाडीत, जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात मुंबईत सामने झाले. त्याच हंगामात पलटणने पहिले विजेतेपद मिळवले: 1 मार्च 2024 ला हैदराबादमध्ये हरयाणा स्टीलर्सवर 28-25 अशी मात. साखळीत 22 सामन्यांत 17 विजय, 3 बरोबरी आणि फक्त 2 पराभव. कर्णधार अस्लम इनामदार नाशिकच्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला, टाकळीभानचा. संघात नाशिकजवळच्या आडगावचा आकाश शिंदे होता. हे दोघे त्याआधी ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय संघातही एकत्र होते. 11 व्या हंगामाचा अंतिम सामना तर पुण्यातच झाला. त्यानंतर एकदम शून्यावर येणे, ही घसरण दुर्लक्षिण्यासारखी नाही.

घरचे मैदान काय देते, हे ब्रिटनमध्ये दिसते. तिथला रग्बी लीगचा हंगामही ऑक्टोबर 2025 मध्येच संपला. 11 तारखेला मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर हल किंग्स्टन रोव्हर्सने विगनला 24-6 असे नमवले. या संघाने लीगचे विजेतेपद याआधी 1985 मध्ये मिळवले होते. चाळीस वर्षे वाट पाहणाऱ्या पूर्व हलच्या वस्तीने 2025 मध्ये तीन करंडक पाहिले: चॅलेंज कप, साखळीतल्या अव्वल स्थानाची ढाल आणि सुपर लीगचे विजेतेपद. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा खेळ दूरचा वाटेल, पण कबड्डी पाहणाऱ्याला तो समजायला पाच मिनिटे लागत नाहीत. तेरा खेळाडूंचा संघ. चेंडू घेऊन एकाने समोरच्या भिंतीत घुसायचे, दोघातिघांनी त्याला धरून खाली घ्यायचे. पकड झाली की तो उठतो, चेंडू टाचेने मागे सारतो आणि खेळ पुढे चालू. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे. चढाईपटूला तीस सेकंद, रग्बीपटूंना सहा पकडी. दोन्ही खेळांत मोजून दिलेल्या संधीतच काम उरकायचे असते.

साम्य नियमांपुरते नाही, ते पोटापर्यंत जाते. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी रग्बी युनियनपासून फारकत घेतली. भांडण पैशांचे होते, पण चैनीच्या पैशांचे नव्हे. खाणीत आणि गिरणीत राबणारा खेळाडू शनिवारी सामन्याला गेला की त्याची मजुरी बुडे. ती भरून द्यावी, दिवसाला फार तर सहा शिलिंग, एवढीच मागणी होती. सुखवस्तू मंडळींच्या हाती असलेल्या युनियनने ती नाकारली. 1898 मध्ये नव्या संघटनेने उघड मानधनाला मान्यता दिली, तीही खेळाडूने दुसरी नोकरी केलीच पाहिजे या अटीवर.

महाराष्ट्रात हाच प्रश्न दुसऱ्या वाटेने सुटला. लालबाग-परळच्या गिरणगावात पाळी संपवून मैदानात येणाऱ्या कामगारांनी कबड्डी जगवली. पुढे खेळाडूला नोकरीच खेळासाठी मिळू लागली. महिंद्र, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, मध्य रेल्वे, पोलीस दल यांचे संघ ही दोन पिढ्यांची भाकरी होती. शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्या संघटकांनी या खेळाला नियम, संघटना आणि प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांची जयंती, 15 जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळली जाते ती उगाच नाही.

फरक पडतो तो यानंतर. रग्बी लीगमध्ये पैसा वाढला, 1996 मध्ये दूरचित्रवाणीच्या करारापोटी सारा हंगाम हिवाळ्यातून उन्हाळ्यात हलवला गेला, तरी संघ गावातून हलले नाहीत. सुपर लीगमध्ये 2025 मध्ये प्रत्येक संघाला 27 सामने होते. बहुतेकांच्या वाट्याला त्यांतले 13 घरच्या मैदानावर आले. या संघांपैकी एकाचे गाव कॅसलफर्ड, वस्ती सुमारे 45 हजार. 2011 च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर शहराचीच लोकसंख्या 65 हजारांवर होती. सिन्नरहून लहान गावाला फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी अव्वल दर्जाचा सामना घरी पाहायला मिळतो. बाप मुलाला घेऊन पायी मैदानावर जातो आणि बापाला त्याच्या बापाने नेलेले असते. गुड फ्रायडेला हलचे दोन संघ एकमेकांना भिडतात, तेव्हा शहराची पूर्व-पश्चिम अशी फाळणी होते.

तिथे सगळे आलबेल आहे असे नाही. सॅलफर्डच्या क्लबाची 2025 मध्ये इतकी ओढाताण झाली की हंगामाच्या पहिल्याच सामन्यात पोरसवदा संघ उतरवावा लागला आणि सेंट हेलन्सने 82-0 असा धुव्वा उडवला. पैशांच्या बाबतीत प्रो कबड्डी खूपच सुस्थितीत आहे. 12 व्या हंगामाच्या लिलावात गुजरातने मोहम्मदरेझा शादलूईसाठी 2 कोटी 23 लाख रुपये मोजले. कबड्डीपटूच्या घरात असा पैसा येतो, ही गोष्ट आनंदाचीच आहे आणि त्याचे श्रेय लीगला दिलेच पाहिजे. पण लीगची सूत्रे 2015 पासून प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीच्या हाती आहेत. मॅट, दिवे, कॅमेरे एकदा मांडले की तिथेच ओळीने सामने उरकणे तिला स्वस्त पडते. चार केंद्रांमागे हाच हिशेब दिसतो. त्यात खेळाडूचे मोल होते, पडद्यापुढच्या प्रेक्षकाचेही होते. गावाचे होत नाही.

गाव म्हणजे काय, हे आडगावसारख्या ठिकाणी दिसते. संध्याकाळी मैदानावर पाणी मारायचे, खडे वेचायचे, चुन्याने रेषा आखायच्या आणि दिवा लागेपर्यंत पोरांनी एकमेकांचे घोटे धरायचे. मातीत शिकलेल्या पोराची घोट्याची पकड मॅटवर वाढलेल्या पोरापेक्षा घट्ट असते, हा या स्तंभाचा जुना आग्रह आहे आणि तो सोडण्याचे कारण अजून मिळालेले नाही. पण मातीतल्या त्या पोराला मॅटवरचा खेळ डोळ्यांनी पाहायला मिळाला पाहिजे. पडद्यावर पाय दिसत नाहीत. कोपरारक्षक चढाईपटूला आत ओढण्यासाठी अर्धे पाऊल कसे मागे घेतो आणि बचावाच्या साखळीतला जोडीदार त्याच क्षणी वजन कसे पुढे टाकतो, हे मैदानाच्या कडेला बसूनच कळते. बालेवाडीत सामने असले की नाशिकची पोरे पाच तासांच्या एसटी प्रवासात तिथे पोहोचतात. 12 व्या हंगामाच्या चार केंद्रांपैकी त्यांना सर्वांत जवळचे होते जयपूर, रस्त्याने नऊशे किलोमीटरच्या वर.

आकाश शिंदे 12 व्या हंगामात बेंगळुरूकडून खेळला. विजेत्या दिल्लीच्या चढाईत महाराष्ट्राचाच अजिंक्य पवार होता. लिलाव आला की खेळाडू फिरणारच, त्याबद्दल तक्रार नाही. उलट, खेळाडू दरवर्षी बदलत असतील तर संघाचे नाव आणि शहर यांना जोडणारा धागा मैदान हाच उरतो. तोही काढून घेतला तर जर्सीवर पुणे लिहिले काय आणि आणखी काही लिहिले काय, प्रेक्षकाने कशाला आपले म्हणायचे?

13 व्या हंगामाचे वेळापत्रक आखताना आयोजकांनी पुणे आणि मुंबईला किमान एकेक आठवडा द्यावा आणि पुणे-मुंबई सामना महाराष्ट्रातच ठेवावा. राज्य कबड्डी संघटनेने आणि दोन्ही संघांच्या मालकांनी ही मागणी वेळापत्रक छापून येण्याआधी लेखी करावी. नंतर केलेल्या मागणीला उत्तर ठरलेले असते.