वळूची निवड : लिटर नव्हे, निव्वळ नफा पाहावा

कृत्रिम रेतनाची वेळ आली की पशुपालक बहुधा एकच प्रश्न विचारतो : “वळूच्या आईचे दूध किती?” प्रश्न योग्य आहे, परंतु तो अपुरा आहे, असे आमचे मत आहे.

इतर गुण आहेत तसेच राहून एखादा गुण एका मात्रेने सुधारला, तर गोठ्याच्या निव्वळ नफ्यात जी भर पडते, ती त्या गुणाचे आर्थिक मूल्य होय. समजा, दुधाला लिटरमागे ३५ रुपये मिळतात व एक लिटर अधिक दूध काढण्यास १५ रुपयांचा चारा व खुराक लागतो. तर त्या लिटरचे मूल्य ३५ नव्हे, २० रुपये होय.

आता दोन गायी घेऊ. पहिली वेतास ३,००० लिटर दूध देते, पण १८ महिन्यांनी विते. दुसरी २,४०० लिटर देते, पण १३ महिन्यांनी विते. वर्षाचा हिशेब केल्यास पहिलीचे दूध २,००० लिटर, तर दुसरीचे सुमारे २,२१५ लिटर भरते. शिवाय पहिलीच्या लांब भाकड काळातील चारा अंगावर पडतो, तो निराळाच.

म्हणूनच १९४३ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञ एल. एन. हेझल यांनी जनावरांच्या निवडीत प्रत्येक गुणास त्याचे आर्थिक मूल्य व आनुवंशिकता पाहून वजन देण्याची रीत मांडली. पुढे केवळ दुधावर भर दिल्याने होल्स्टीन गायींची गाभण राहण्याची क्षमता घटत गेली, तेव्हा २००३ मध्ये तेथील निवड निर्देशांकात या गुणासही स्थान द्यावे लागले.

मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. दूध व स्निग्धांश हे गुण वळूकडून कालवडीत बऱ्याच अंशी उतरतात. दोन वेतांतील अंतर मात्र आनुवंशिकतेपेक्षा समतोल आहार, माजाची वेळीच ओळख व वेळेवर रेतन यांवर अधिक अवलंबून असते. तेव्हा सगळा भार वळूवर टाकून चालणार नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक पशुपालकास एक वही ठेवावयास लावावी. तीत गायीच्या बिल्ल्याचा क्रमांक, रेतनाची व विण्याची तारीख, वळूचा क्रमांक आणि महिन्यातून एकदा मोजलेले दूध, एवढे लिहिले तरी पुरे. वळूची खरी पारख त्याच्या मुलींच्या दुधावरून होते, आणि त्या मुली आपल्याच गोठ्यात उभ्या आहेत. त्यांची नोंद आपण ठेवली नाही, तर ती दुसरे कोण ठेवणार?