ड्रोनच्या रिमोटची बॅटरी : भरून ठेवण्याची सवय सोडावी

वाळवा तालुक्यात ऊस चार-पाच महिन्यांचा झाला की पाठीवरचा पंप घेऊन सरीत शिरणे कठीण होते. पाने अंग कापतात, औषध तोंडावर उडते आणि शेंड्यापर्यंत फवारा पोचतच नाही. सन २००२ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातील उसावर लोकरी मावा पसरला, तेव्हा ही अडचण पुष्कळांनी अनुभवली. ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) परिसरातील शिवारांत आता फवारणीचे ड्रोन येऊ लागले आहेत. तांबेरा, पोक्का बोइंग यांसारख्या पानांवरील रोगांसाठी उभ्या उसात त्यांचा उपयोग होतो, तेव्हा त्यांचे स्वागतच केले पाहिजे. (हुमणी जमिनीत असते. तिच्यावर वरून फवारा मारून काही साधणार नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

तथापि या यंत्राकडे पाहण्याची आपली दृष्टी अद्याप ट्रॅक्टरचीच आहे. पंखे, टाकी, नोझल यांची पुसापुशी होते. बॅटरीकडे कमी लक्ष जाते. आणि चालकाच्या हातातील रिमोटच्या बॅटरीकडे तर कोणी पाहतच नाही. वास्तविक विमान आकाशात असता त्याचा लगाम त्या लहान डब्यातच असतो. रिमोट बंद पडला तर ड्रोन आपल्या आत भरून ठेवलेल्या आज्ञेप्रमाणे वागतो : उड्डाणाच्या जागी परत येतो, जागीच थांबतो किंवा आहे तेथे खाली उतरतो. यांपैकी कोणती आज्ञा आपल्या यंत्रात घातलेली आहे, हे चालकास ठाऊक असलेच पाहिजे. दहा फूट उंचीच्या उसात उतरलेला ड्रोन शोधून बाहेर काढणे काय असते, ते ज्याने केले त्यालाच विचारावे.

आपल्याकडे बॅटरी म्हणजे ट्रॅक्टरची किंवा इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी. ती रिकामी राहिली तर तिच्या पट्ट्यांवर गंधकाचा क्षार बसतो व ती निकामी होते. म्हणून ती सदैव भरलेली ठेवावी, अशी शिकवण आपल्या वडीलधाऱ्यांनी दिली आणि ती योग्यच होती. लिथियम पॉलिमर बॅटरीचा स्वभाव मात्र उलटा आहे. ती पूर्ण भरलेल्या स्थितीत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, त्यातही उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत, तर तिच्यातील द्रव हळूहळू विघटन पावतो, वायू तयार होतो व पिशवी फुगते. पूर्ण रिकामी ठेवली तरीही ती मरते. अर्धी भरलेली ठेवली म्हणजे ती अधिक काळ टिकते. शिशाच्या बॅटरीची चांगली सवय लिथियमला लावणे, हेच माझ्या मते आज होणाऱ्या नुकसानीचे मोठे कारण आहे.

काही आकडे लक्षात ठेवणे अवश्य आहे. अशा बॅटरीच्या एका सेलचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट आणि साठवणीसाठी सुमारे ३.८ व्होल्ट असतो. ३ व्होल्टच्या खाली तो कधीही जाऊ देऊ नये. काम तर ३.५ च्या आसपासच थांबवावे. रिमोटमध्ये बहुधा दोन सेल असतात. म्हणजे पूर्ण भरल्यावर ८.४, साठवणीत सुमारे ७.६, आणि ७.२ ला धोक्याची घंटा वाजेल अशी योजना करावी. ही घंटा महत्त्वाची आहे, कारण लिथियम बॅटरीचा दाब पुष्कळ वेळ जवळजवळ स्थिर राहतो आणि अखेरीस एकाएकी कोसळतो. पडद्यावर ‘अजून आहे’ असे दिसत असताना हातात थोडीच मिनिटे उरलेली असू शकतात.

हल्लीच्या फवारणी ड्रोनबरोबर येणाऱ्या रिमोटची बॅटरी बहुधा आतच बसविलेली असते व मोबाईलप्रमाणे तारेने भरली जाते. तेथे निर्मात्याने दिलेलाच चार्जर वापरावा, एवढे पुरते. परंतु शिकण्यासाठी पुष्कळ जण जुन्या धाटणीचे रिमोट वापरतात. त्यांत मुळात निकेल-मेटल हायड्राइडचे आठ सेल, म्हणजे ९.६ व्होल्ट, असत. ते काढून कोणी लिथियमचा पॅक बसवितो आणि रिमोटच्या कडेच्या छिद्रातून जुन्याच चार्जरने तो भरू लागतो. हे कटाक्षाने टाळावे. निकेलच्या चार्जरला ४.२ व्होल्टला थांबणे ठाऊक नसते. तो दाब वाढवीतच राहतो. लिथियम पॅक रिमोटमधून बाहेर काढावा व लिथियमसाठी केलेल्या, प्रत्येक सेलचा दाब समान राखणाऱ्या चार्जरवर लहान पांढऱ्या जोडणीसह लावावा. दोन सेलऐवजी तीन सेलचा पॅक बसविल्यास दाब १२.६ व्होल्टपर्यंत जातो. रिमोटच्या पुस्तिकेत त्यास परवानगी नसेल तर तो मोह नको. शिवाय लिथियम-लोह-फॉस्फेट जातीचेही पॅक रिमोटसाठी मिळतात. त्यांचा सेल ३.६ व्होल्टलाच भरतो. तो पॉलिमरच्या खुणेवर लावला की अतिभरण झालेच. यास्तव पॅकवरील लेबल वाचल्याशिवाय चार्जरची कळ दाबू नये.

प्रवाह किती द्यावा, याचा हिशेब सोपा आहे. पॅकवर २,००० मिलिअँपिअर-तास लिहिले असेल तर २ अँपिअर द्यावा. सुमारे सव्वा ते दीड तासात तो भरतो. घाईने अधिक देण्यात लाभ नाही. उड्डाणानंतर तापलेली बॅटरी हातास कोमट लागेपर्यंत सावलीत ठेवावी, मगच चार्जरला लावावी. ४५ अंश सेल्सिअसच्या वर भरणी करू नये. एप्रिल-मे महिन्यांत बंद जीपमध्ये हे तापमान दुपारी सहज ओलांडले जाते.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. ज्या वाहिन्यांवर शेतीची वीज अजून रात्रपाळीने येते, तेथे पंपाबरोबर चार्जरही रात्री चालू करून झोपी जाण्याची प्रथा पडू पाहत आहे. पंप बिघडला तर मोटार जळेल. लिथियमचा पॅक बिघडला तर घर जळेल. एक सेल तापला की त्याची उष्णता शेजारच्या सेलला पेटविते, धूर विषारी असतो आणि विझल्यासारखी वाटणारी आग पुन्हा उसळते. चार्जर लावलेला असता जागा माणूस जवळ असलाच पाहिजे, यात सवलत नाही. भरणी फरशीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर करावी. कीटकनाशके, पेट्रोल व गोठ्यातील वैरण दूर असावीत. शेतात जनित्रावर भरणी करणारांनी पाचटापासून विशेष जपावे. ऊसतोडीनंतर वाळलेले पाचट पसरलेल्या रानात एक ठिणगी पुरते. कोरडी वाळू जवळ ठेवावी. पॅक पेटल्यास प्रथम माणसे दूर करावीत, विजेचा संबंध तोडावा, मग लांबून भरपूर पाणी मारावे. वाळूने ज्वाळा दबते, पण आतील उष्णता पाण्यानेच उतरते.

यावर काही चालक म्हणतात की फवारणीचे बोलावणे केव्हा येईल याचा नेम नसतो, म्हणून सर्व पॅक भरलेलेच हवेत. हे म्हणणे मला पटत नाही. फवारणीची वेळ शेतकऱ्याशी आदल्या दिवशी ठरते. वारा पाहूनच उड्डाण करावयाचे असल्याने ती बहुधा सकाळची असते. पहाटे उठून भरणी केल्यास काम अडत नाही. भरलेला पॅक दोन-तीन दिवस राहिला तर बिघडत नाही. पावसामुळे काम आठवडाभर पुढे गेले, तर चार्जरवरील साठवणीची खूण वापरून त्यास अर्ध्यावर आणावे. काही नवे ड्रोन पॅक हे काम आपले आपणच करतात, हे खरे. पण रिमोटचे साधे पॅक तसे करीत नाहीत.

केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केलेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे ठरले. त्यासाठी खर्चाच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये, साहाय्य ठेवले गेले. संचात ड्रोनच्या बॅटऱ्यांचे चार जादा जोड धरलेले होते आणि चालक भगिनीस १५ दिवसांचे, तर मदतनीस व्यक्तीस ५ दिवसांचे शिक्षण योजिलेले होते. हा मदतनीस नुसता टाकी भरणारा ठरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बॅटऱ्यांचा सर्व भार नावानिशी त्याच्यावर सोपवावा आणि गटाच्या ठरावात तसे लिहावे. पॅक हा या धंद्यातील झिजणारा भाग आहे. त्याचे आयुष्य अर्धे झाले तर भगिनींची एकरी मिळकतही त्यातच जाते, आणि नवा जोड घेताना अनुदान पुन्हा मिळेल असे धरून चालता येत नाही.

त्या मदतनिसाजवळ एक साधी वही असावी. प्रत्येक पॅकवर क्रमांक घालावा, रिमोटच्या पॅकवरही. भरण्याची तारीख, प्रत्येक सेलचा दाब, उड्डाणांची संख्या आणि फुगवटा आहे काय, एवढे चार रकाने पुरेत. दोन सेलमधील दाबात मोठी तफावत वारंवार दिसू लागली, की तो पॅक कामावरून उतरवावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी भेटीच्या वेळी ड्रोनआधी ही वही मागावी, आणि रिमोट चालू करून त्याचा दाब स्वतः वाचावा.

फुगलेला पॅक टोचून वायू काढण्याचा प्रयोग कोणीही करू नये. तसेच तो उकिरड्यात, विहिरीत किंवा पाचटाच्या आगीत टाकू नये. सन २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. सबब पॅकच्या तारांच्या टोकांवर चिकटपट्टी लावून तो वाळूच्या लोखंडी डब्यात, घराबाहेर सावलीत ठेवावा, आणि नवा जोड घेण्यास जाताना विक्रेत्याच्या हवाली करून पोच घ्यावी.